वर्षभर एकही रजा न घेता

तलासरीच्या फुग्यांच्या कारखान्यात मी साडेनऊ वर्षं काढली आणि तेवढ्या काळात एकदाही रजा घेतली नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी माझं कौतुक वाटतं आणि मग माझी कीव येते. मला दोन्ही नकोत. मला माझ्या न घेतलेल्या रजेचे पैसे हवे होते, आणि त्यासाठी मी काय काय केलं ते सांगते.

मी दक्षा वरठा, राहणार सायवन. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले. माझी जीभ तिखट आहे असं माझी सासू बुधीबाई म्हणते. ती स्वतःही काही साखरेत घोळलेली नाही. नवरा तुषार गुजरातेत उंबरगावला एका कंपनीची गाडी चालवतो आणि आमच्या दोघींच्या मध्ये सहसा पडत नाही.

कारखान्याची मॅजिक गाडी सकाळी साडेसहाला आम्हा सायवनच्या बायकांना उचलायची आणि उधव्यावरून तलासरीला, हायवेच्या कडेला नेऊन सोडायची. माझं काम फुगे तपासायचं. प्रत्येक गठ्ठ्यातले मूठभर फुगे घ्यायचे, हवेच्या नळीला लावून फुगवायचे, उजेडात धरायचे. भोक दिसलं तर अख्खा गठ्ठा बाजूला, नाही दिसलं तर पाकिटात. किती जणांचे वाढदिवस माझ्या हाताखालून गेले त्याची गणती नाही. संध्याकाळी घरी आले की केसांना रबराचा वास आणि नखांत पांढरी पावडर.

मालक गोविंदराव. डहाणूच्या किनाऱ्यावरचे, चिकूची मोठी वाडी असलेले. तसा माणूस भला, पण आपला भलेपणा चारचौघांत दिसावा याची त्यांना भारी हौस. दर पंधरा ऑगस्टला कारखान्याच्या आवारात झेंडावंदन व्हायचं, आणि मागच्या वर्षभरात ज्यांनी एकही दिवस चुकवला नाही त्यांना गोविंदरावांच्या हातून स्टीलचं भांडं मिळायचं. भांडी ते स्वतः डहाणूच्या दुकानात जाऊन घ्यायचे, बोटाच्या पेराने वाजवून, पत्रा जाड आहे ना बघून. आणि त्यावर नाव घालून घ्यायचे. नुसतं नाव नाही, अख्खं वाक्य.

त्या वाक्यावरून बापलेकांत वाजलं होतं, हे आम्हाला ऑफिसातल्या नूतनने सांगितलं होतं. नूतन हजेरी आणि पगार बघायची. नाव घालणारा अक्षरामागे दोन रुपये घेत होता. गोविंदरावांचा मुलगा प्रितम म्हणाला, नुसतं नाव आणि तारीख टाका, बाकीचं कोण वाचतंय. गोविंदराव म्हणाले, भांडं कशाबद्दल मिळालं हे तिच्या नातवंडांना कळायला नको का? तेव्हापासून प्रत्येक भांड्यावर पूर्ण मजकूर: ‘सौ. दक्षा तुषार वरठा, सायवन. वर्षभर एकही रजा न घेता हजर राहिल्याबद्दल सप्रेम भेट. गोविंदराव.’ आणि खाली तारीख.

अशी सहा भांडी मी मिळवली. परात, डबा, कळशी, टोप, बादली आणि शेवटी नळ बसवलेलं पाण्याचं पिंप. कोरोनाची दोन वर्षं समारंभ झाला नाही, नाहीतर आठ झाली असती. रजा मागितली की त्या वर्षीच्या यादीतून नाव जायचं, मग रजा मिळो की न मिळो. घरी राहणाऱ्या बाईचा खाडा लागायचा आणि पगार कापला जायचा. पगारी रजा नावाची काही वस्तू असते हे त्या आवारात मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि विचारायचं सुचलंही नाही. मी भांडी मिळवण्यात गुंग होते. आपल्या मूर्खपणावर पांघरूण घालणं मला जमत नाही.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीला मी राजीनामा दिला. महिनाभर आधी कळवून, रीतसर. गावातली जुनी चक्की बंद पडल्यापासून बायका नागली आणि तांदूळ घेऊन कासाला जात होत्या. मी ठरवलं, घरघंटी घ्यायची आणि ओटीवर दळण सुरू करायचं. मशीन चोवीस हजारांचं. कासाच्या दुकानदाराने थोडा बयाणा घेऊन एप्रिलअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. माझ्याकडे दोन हजार होते, आणि डोक्यात पुढचा सगळा संसार तयार होता.

बाकीच्या पैशांचा रस्ता तुषारने दाखवला. त्याच्या कंपनीतला एक फिटर नोकरी सोडून गेला, तर त्याला शिल्लक रजेचे बक्कळ पैसे मिळाले. तुषारने चौकशी केली. वीस दिवस काम केलं की एक पगारी रजा जमा होते आणि नोकरी सोडताना उरलेल्या रजेचा पगार द्यावा लागतो, असा कायदा. मी म्हटलं, तो गुजरातचा असेल. तुषार म्हणाला की कायदा देशाचा आहे, तलासरीच्या नाक्यावर उतरून परत जात नाही.

दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यात गेले. गोविंदराव आजारपणानंतर फारसे येत नव्हते, सगळा कारभार प्रितमशेठकडे. माणूस गोड बोलणारा. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या नावाची रजेची कार्डं समोर ठेवली. दर वर्षाचं एक कार्ड. प्रत्येकावर सगळी रजा घेतलेली, शिल्लक शून्य, आणि खाली माझी सही.

“सही तुमचीच ना, दक्षाबेन?” त्याने विचारलं.

सही माझीच होती. मागच्या दिवाळीआधी वापीहून एक सल्लागार आला होता, टाय लावून. नूतनने आम्हाला एकेक करून बोलावलं आणि कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या. बोनसच्या कामाला लागतात म्हणाली. बोनस मिळाला, म्हणून पुन्हा कुणी विचार केला नाही. त्या कोऱ्या कार्डांत सल्लागाराने मागाहून आमच्या रजा भरल्या होत्या, आणि भरल्याही किती सोयीने. किनाऱ्याकडच्या बायकांना गणपतीत रजा, आणि आम्हा सायवन-उधव्याकडच्या सगळ्यांना जुलैत, आवणीला. डोंगराकडच्या बायका भात लावायला घरी राहतातच, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. एकीचीही चौकशी न करता सगळ्यांना सरसकट चिखलात उतरवलं होतं.

मी कार्डं चाळत गेले आणि २०२२च्या कार्डावर हात थांबला. ११ जुलै ते १६ जुलै, रजा.

त्या वर्षी १० जुलैला माझा सासरा काकड्या गेला. रविवार होता, कारखान्याची सुट्टी. दुपारपर्यंत सगळं उरकलं. बुधीबाई भिंतीला टेकून बसली होती, दारात आवणीची रोपं तशीच पडलेली, आणि सोमवारी सकाळी साडेसहाला मी मॅजिकमध्ये चढले. एक दिवस राहिले असते तर त्या वर्षीचं भांडं गेलं असतं. मी त्या आठवड्यात रोज फुगे तपासले, आणि महिन्याभराने टोप घरी आणला. आणि आता हे कार्ड सांगत होतं की नेमके तेच सहा दिवस मी घरी होते, भरपगारी.

तोवर मला पैसे हवे होते. त्या क्षणापासून मला पैसे तर हवेच होते, पण त्याआधी ते कार्ड खोटं ठरायला हवं होतं. मी प्रितमशेठला सांगितलं की हे दिवस मी इथे उभी राहून काढलेत, तुम्ही मला त्या दिवसांत माझ्या घरी पाठवू शकत नाही. तो म्हणाला की कागद तर कागद आहे, आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा न घेता निघाले.

तलासरीला तहसील कचेरीच्या एका खोलीत महिन्यातून एका गुरुवारी कामगार अधिकारी बसतात. बाई आहेत, चष्मा नाकावर उतरलेला, बोलणं मोजकं. मी अर्ज दिला, सगळं सांगितलं, सहीचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुमच्यावर माझा विश्वास बसतो, पण विश्वासावर आदेश काढता येत नाही. त्यांच्या बाजूने तुमच्या सहीचे कागद आहेत. तुमच्या बाजूने काहीतरी लेखी आणा. पुढच्या महिन्यात मालकांना नोटीस काढून बोलावते.

लेखी माझ्याकडे काय असणार? पगाराच्या पावत्यांवर नुसता आकडा. मॅजिकवाल्याकडे वही नाही. नूतनला फोन केला तर ती म्हणाली की ताई, मला दोन मुलं आहेत. तिला मी शिव्या देणार होते, पण दिल्या नाहीत. आठवडाभर मी घरात भांडी आपटत होते आणि तुषार कामाचे तास वाढवून घेत होता.

एका सकाळी बुधीबाई मागच्या दारी राखेने टोप घासत बसली होती. तिला अक्षरओळख नाही. मी आत कुणालातरी फोनवर सांगत होते की माझ्याकडे लिहिलेलं काहीच नाही, सगळं त्यांच्याकडे आहे.

“माझा हात खरखरून गेलाय तुझे लिवलेल्यानी,” बुधीबाई बाहेरून म्हणाली. “आन तू सांगतंस लिवलेला नाय.”

मी बाहेर आले. तिने टोप माझ्या पुढ्यात सरकवला आणि काठाखालच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवर बोट ठेवलं. घासताना तिथे राख अडकते, म्हणून तिला प्रत्येक भांड्यावरची जागा ठाऊक होती.

“यो म्हातारा गेला त्या वरसाचा,” ती म्हणाली.

मी तिथेच बसले, राखेत. तीन वर्षं ती त्या टोपात भात शिजवत होती आणि तीन वर्षं तिला माहीत होतं. मला फार लाज वाटली, आणि त्याच वेळी असा आनंद झाला की मी तिच्या राखेच्या हातांसकट तिला मिठी मारली. तिने मला ढकललं आणि लुगडं खराब झालं म्हणून बोलली.

घरात पाच भांडी होती. सहावी, २०१९ची कळशी, मी माझी मावसबहीण हिरू हिच्या लग्नात आहेर दिली होती. नवी कोरी होती, खर्च वाचला होता, आणि नाव घातलेलं भांडं पुढे आहेरात देणारी मी काही जगात पहिली नाही. पण दिलेला आहेर परत मागायला जाणारी मात्र मी पहिलीच असेन. दोन गाड्या बदलून कैनाडला गेले. हिरूची सासू वांग्याच्या वाफ्यात होती. माझं म्हणणं ऐकून ती म्हणाली की माघारी न्यायचा असतो तो आहेर नाही, भाडं. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मी बरंच ऐकून घेतलं, माझ्या स्वभावाला न शोभेल इतकं. हिरूने मात्र कळशीतली ताडी दुसऱ्या भांड्यात ओतली, कळशी धुतली आणि भांडं रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात चिकू भरून दिले.

सुनावणीच्या गुरुवारी मी सहाही भांडी घेऊन निघाले. पिंपात डबा, टोपात परात बसेना म्हणून ती काखेत, बादलीत कळशी. एसटीच्या कंडक्टरने विचारलं की मावशी, दुकान टाकताय की घर सोडताय. मी म्हटलं, वसुलीला चाललेय. तो हसला आणि सामानाचं तिकीट मात्र फाडलंच.

नोटीस गोविंदरावांच्या नावाने गेली होती, कारण कागदोपत्री मालक अजून तेच. म्हणून त्यांना यावं लागलं होतं. किती वाळले होते. पांढरा शर्ट, हातात काठी, शेजारी प्रितमशेठ फाईल घेऊन. त्यांनी मला ओळखलं, हसून मान हलवली आणि माझ्याभोवतीची भांडी बघून गोंधळले. त्यांना इथे कशासाठी आणलंय हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

प्रितमशेठने कार्डं मांडली. अधिकारी मॅडमनी बघितली, माझी सही मला दाखवली, मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय आणलंय? मी एकेक भांडं टेबलावर ठेवत गेले. कळशीत तळाला दोन चिकू राहिले होते, ते मॅडमनी आधी मला बाहेर काढायला लावले, उगाच कुणी लाच म्हणायला नको म्हणून. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि भांड्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सहा वेळा तेच वाक्य. वर्षभर एकही रजा न घेता. वर्षभर एकही रजा न घेता. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

प्रितमशेठचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. भांड्यावर काय, कुणीही बाजारात जाऊन काहीही कोरून आणेल, तो म्हणाला. हा काही पुरावा नाही.

मॅडम गोविंदरावांकडे वळल्या. ही भांडी तुम्ही दिलीत का, एवढंच त्यांनी विचारलं.

गोविंदरावांनी मुलाकडे बघितलं, कार्डांकडे बघितलं. हातातली काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली. हो म्हणावं तर मुलाचे कागद खोटे ठरतात, हे त्यांना आता कळलं होतं. मला त्यांचा राग आला आणि थोडी दयाही आली, पण दयेवर घालवायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी टोप उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“शेठ, हा २०२२चा,” मी म्हटलं. “त्या वर्षी माझा सासरा गेला. रविवारी गेला म्हणून मला हे भांडं मिळालं. सोमवारी मी कामावर होते. तुम्हीच झेंड्याखाली माईकवर सांगितलंत, सगळ्यांनी दक्षाकडून शिका, घरात मयत झालं तरी दुसऱ्या दिवशी हजर. टाळ्या वाजवल्या होत्या सगळ्यांनी. या कार्डावर ते सहा दिवस मी रजेवर आहे.”

गोविंदरावांनी टोप जवळ घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, अगदी बुधीबाईसारखा. मग बोटाच्या पेराने टोप एकदा वाजवला. भरीव आवाज आला.

“भांडी माझी आहेत,” ते म्हणाले. “वाक्यही माझंच. अक्षरामागे दोन रुपये दिलेत.” मग मुलाकडे न बघता म्हणाले, “तू तेव्हा म्हणाला होतास, कोण वाचतंय.”

प्रितमशेठने फाईल बंद केली. त्याचा चेहरा बघायला मला आवडेल असं वाटलं होतं, पण मी गोविंदरावांकडेच बघत राहिले.

पुढचं काम मॅडमनी पटापट केलं. वर्षवार दिवस मांडले, वीसने भागले, बेरीज केली. एकशे सव्वीस रजा. माझ्या डोक्यात एकशे सव्वीस गुणिले रोजचे चारशे सत्तर सुरू झालं होतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या की मिळणार अठ्ठेचाळीस. मागची साठलेली रजा तीस दिवसांपर्यंतच पुढे ओढता येते, त्यावर शेवटच्या वर्षाची आणि चालू दोन महिन्यांची. बाकीची अठ्ठ्याहत्तर बुडाली.

मी विचारलं, बुडाली म्हणजे कुठे गेली?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तुम्ही एखाद्या वर्षी रजा मागितली असती आणि त्यांनी नाकारली असती, तर ती कधीच बुडाली नसती, त्या म्हणाल्या. अर्ज केला होता का कधी? साधा, दोन ओळींचा?

मी नाही म्हटलं. मागितली की यादीतून नाव जायचं, भांडं जायचं, हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात भागाकार झाला. अठ्ठ्याहत्तर दिवस, सहा भांडी. एका भांड्याला तेरा दिवस. मी तेरा दिवसांचा पगार देऊन एकेक भांडं विकत घेतलं होतं, वर टाळ्या घेऊन. हे मी तिथेच बोलून दाखवलं, आवाज न चढवता, कारण चढवला असता तर तो फुटला असता. गोविंदराव मान खाली घालून ऐकत होते. असं कधी मनात नव्हतं, ते म्हणाले. मला ते खरं वाटलं. पण त्याने माझे अठ्ठ्याहत्तर दिवस परत आले नाहीत, आणि मीही त्यांना काही हरकत नाही असं म्हटलं नाही. हरकत होती.

आदेशात मॅडमनी एक ओळ माझ्या आग्रहावरून घातली: ११ ते १६ जुलै २०२२ या काळात अर्जदार कामावर हजर होती. पैशांच्या दृष्टीने त्या ओळीची गरज नव्हती, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला आहे.

आठवड्याभरात बावीस हजार पाचशे साठ रुपये खात्यावर आले. चोवीस एप्रिलला आठवड्याच्या बाजारात जाताना कासाच्या दुकानातून मी घरघंटी उचलली, आणि त्याआधी कैनाडला जाऊन हिरूची कळशी परत केली, तांदूळ भरून. तिच्या सासूने या वेळी मला बसायला खाट दिली.

आता ओटीवर दळण जोरात आहे. नागली, तांदूळ, कधी उडीद. कारखान्यातल्या बायका संध्याकाळी मॅजिकमधून उतरल्या की थेट डबे घेऊन येतात, आणि पीठ पडेपर्यंत मी त्यांना रजेचा अर्ज लिहून देते. दोन प्रती. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर नूतनची पोचसही घ्यायची. नूतन निमूटपणे सही करते, तारीख टाकून. जूनअखेरीला आवणीसाठी सतरा अर्ज गेले. प्रितमशेठने अकरा मंजूर केले आणि सहांवर नामंजूर लिहिलं. त्या सहा जणी रडवेल्या होऊन आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं की हा कागद घरच्या सातबाऱ्यासोबत जपून ठेवा, ही रजा आता कुणाच्या बापालाही बुडवता येत नाही. दळणाचे मी किलोमागे पैसे घेते. अर्जाचे घेत नाही.

जुलैच्या दहा तारखेला मी ओटीवर पाटी लावली: दळण बंद, चार दिवस रजा. आणि टोपात भात घेऊन बुधीबाईच्या मागोमाग शेतात उतरले. दहा वर्षांत आवणीला मी पहिल्यांदाच उतरत होते. माझी रांग वाकडी जात होती, कंबर मोडत होती, आणि बुधीबाई माझी रोपं उपटून पुन्हा सरळ लावत होती. दुपारी बांधावर बसलो. तिने टोप पुढ्यात ओढला, झाकण काढण्याआधी अक्षरांवर बोट ठेवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं की हिथं काय लिवलाय.

मी वाचून दाखवलं. माझं नाव, गाव, वर्षभर एकही रजा न घेता, सगळं, तारखेसकट.

तिने समोरच्या खाचराकडे बघितलं. म्हातारा त्याच खाचरात शेवटचा उतरला होता.

“मंग आज?” तिने विचारलं.

“आज रजा आहे,” मी म्हटलं.

तिने झाकण काढलं आणि आधी मला वाढलं.